उन्हाळी

इंग्रजीत जिला मिल्कव्हेच म्हणतात त्या वनस्पतीचे नाव युरोपातील एका जुन्या समजुतीवरून पडले आहे. ती खाल्ली की शेळ्यांचे दूध वाढते, अशी ती समजूत. शास्त्रज्ञ तिला अ‍ॅस्ट्रॅगॅलस म्हणतात, आणि सपुष्प वनस्पतींच्या सर्व प्रजातींत ही प्रजाती सर्वांत मोठी मानली जाते. तिच्यात सुमारे ३००० जाती आहेत. इराणच्या डोंगरांत तिच्या काही काटेरी जातींपासून कतिरा डिंक मिळतो, चिनी वैद्यकात तिच्या एका जातीचे मूळ शतकानुशतके वापरात आहे, आणि चीन-जपानच्या भातखाचरांत आणखी एक जात हिरवळीचे खत म्हणून पेरली जाते. मात्र थंड आणि कोरड्या मुलखांत रमणाऱ्या या प्रजातीचे आपल्या दख्खनच्या पठाराशी फारसे सख्य नाही. मराठीत तिला रुळलेले नाव नाही, याचे कारणही तेच असावे.

आपल्याकडे, विशेषतः नांदेड आणि लातूरच्या मुरमाड माळांवर, तिचे काम तिची एक दूरची नातलग करते. तीही शेंगवर्गीय, तिचेही मूळ खोल, बी दगडासारखे कठीण, आणि तीही कोणी न पेरता उगवणारी. दुधाशी मात्र तिचा काही संबंध नाही. हिरवी असताना जनावरे तिला फारशी तोंड लावत नाहीत. तिचे नाव उन्हाळी. हा लेख तिच्याविषयी आहे, आणि ती मुद्दाम कशी लावावी याविषयीही आहे. जे आपोआप उगवते ते मुद्दाम लावण्याची वेळ का यावी, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचेच उत्तर द्यायचे आहे.

आधी नावाविषयी. 'उन्हाळी' हा शब्द मराठीत किमान तीन अर्थांनी वावरतो. उन्हाळी भुईमुगात तो विशेषण असतो. उन्हात फिरून आल्यावर लघवीला जळजळ होऊ लागली की 'उन्हाळी लागली' असे म्हणतात. तिथे तो आजार असतो. आणि माळावर तो एक दीड-दोन फुटांचे, फांद्या पसरून बसलेले झुडूप असतो. पहिले दोन अर्थ शहरात टिकून आहेत. तिसरा अर्थ माहीत असलेली माणसे आता हुडकावी लागतात. शब्द मेला की निदान कोशात त्याची नोंद राहते. पण शब्द जिवंत राहून त्याचा एखादा अर्थच गळून पडला, तर त्याची हाकाटी होत नाही.

या झुडपाचे दुसरे नाव अधिक विलक्षण आहे. संस्कृतात त्याला शरपुंखा म्हणतात. शर म्हणजे बाण, आणि पुंख म्हणजे बाणाचे पिसे लावलेले मागचे टोक. उन्हाळीचे पान संयुक्त असते. एका दांडीवर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या आणि टोकाला एक एकटी पर्णिका. यांतली एक पर्णिका दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढावी. ती सरळ तुटत नाही. तिच्या शिरा मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना तिरप्या आणि एकमेकींना समांतर धावतात. पान त्या शिरांच्या रेषेतच फाटते, आणि हातात बाणाच्या खाचेसारखा कोन उरतो. ज्याने कोणी हे नाव ठेवले त्याने ओळखण्याची रीतच नावात घालून ठेवली. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात शरपुंखेला प्लीहशत्रू, म्हणजे पाणथरीचा शत्रू म्हटले आहे, आणि तिचे रूप निळीच्या झाडासारखे असल्याचीही नोंद केली आहे. ती नोंद इतकी नेमकी आहे की इंग्रजांनीही पुढे तिला 'रानटी नीळ' असेच नाव दिले. लिनियसने १७५३ मध्ये ती शास्त्रीय यादीत नोंदवली. टेफ्रोसिया पर्प्युरिया हे आजचे नाव १८०७ मध्ये पर्सूनने दिले. टेफ्रोसिया म्हणजे राखेच्या रंगाची. बाण, नीळ, राख आणि ऊन: एका क्षुल्लक झुडपाकडे चार निरनिराळ्या डोळ्यांनी पाहिले गेल्याची ही साक्ष आहे.

माझ्या आजीला यांतले काहीही वाचता येत नव्हते. तिचे सारे आयुष्य कंधार तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावरच्या एका गावात गेले. पण पान ओढून पाहण्याची रीत तिला ठाऊक होती. "वढून बघ," ती म्हणायची, "सरळ तुटलं तर ती न्हवं." शरपुंखा हा शब्द तिने कधी ऐकला नसणार; तरी त्या शब्दाचा अर्थ तिच्या बोटांत होता. ग्रंथातले ज्ञान खाली झिरपत लोकांपर्यंत जाते, असे आपण सहज धरून चालतो. मला उलटा प्रवास अधिक संभवनीय वाटतो. पान आधी कोणत्या तरी गुराख्याने किंवा खुरपणाऱ्या बाईने ओढून पाहिले असेल, आणि निघंटुकाराने ते पाहून नाव बांधले असेल. आजी गेल्यावर आमच्या घरात माझ्याखेरीज ती रीत माहीत असलेले कोणी उरले नाही. मलाही ती माहीत आहे ती केवळ मी लहानपणी तिच्यामागे खुरपे घेऊन फिरत असे म्हणून.

पुढे नोकरीच्या निमित्ताने नांदेडला आल्यावर मी व्ही. एन. नाईक यांचे ग्रंथ पाहिले. १९७९ मध्ये त्यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आला, आणि १९९८ मध्ये साऱ्या मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा. लातूर जिल्हा उस्मानाबादमधून वेगळा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्यामुळे लातूरची झाडे आधी उस्मानाबादच्या नावावर नोंदली गेली. आता तर त्या जिल्ह्याचेही नाव धाराशिव झाले आहे. झुडपांना याचे सोयरसुतक नाही. परंतु जिल्हे फुटतात, नावे बदलतात, आणि कुठे काय उगवत होते हे सांगणारी पुस्तके वाचनालयाच्या कोपऱ्यात इंग्रजीत पडून राहतात, हे मात्र खरे.

माझे आजोळ औसा तालुक्यातले. मराठवाड्यात जमिनीच्या दोन जाती मानतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावाची जागा, जिथे माणसांची घरे असतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे ८००० माणसे गेली. काळ्या दगडाची, मातीत रचलेली जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे उठवून नव्या जागी वसवण्यात आली. माझ्या मामांचे गाव त्यांतलेच. नव्या गावात रुंद रस्ते झाले, ओळीने घरे झाली. जुनी पांढरी मागे राहिली.

त्या जुन्या गावठाणावर मी नंतर अनेकदा गेले आहे. दगड लोकांनी हळूहळू नेले. जोती आणि उंबरे कुठे कुठे दिसत. आणि जिथे मामांचा वाडा होता, जिथे चूल होती, जिथे जनावरे बांधत, त्या साऱ्यावर उन्हाळी पसरली होती. बारीक, गुलाबी-जांभळी, पतंगाच्या आकाराची फुले. चपट्या, टोकाशी जराशा वाकलेल्या शेंगा. मामी सोबत होत्या. त्यांनी एक फांदी मोडून हातात घेतली आणि म्हणाल्या, "पांढरीचं रान झालं बाई." त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पांढरीचे रान होणे ही आमच्याकडे शिवी आहे. कोणाचे वाटोळे व्हावे असे वाटले तर तसे म्हणत. पण त्या दिवशी मला त्या झुडपांविषयी राग आला नाही. ज्या मातीत माणसे दबून गेली त्या मातीत कोणी तरी मुळे खोल सोडून उभे होते. त्या मुळांवर गाठी असतात, आणि त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत बांधून ठेवतात, हे मला वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाने सांगितले होते. तिथे उभे राहून त्याचा अर्थ वेगळा लागला.

हे झुडूप मुद्दाम लावण्याची गरज पडली ती मात्र माहेरच्या शेतीमुळे. या दोन दशकांत नांदेड-लातूरचा खरीप बहुतांशी सोयाबीनचा झाला. ज्वारी मागे पडली, आणि ज्वारीबरोबर कडबा, गुरे, गुरांमागचे गायरान, सारेच मागे पडले. मजूर मिळेना तसे खुरपण गेले आणि तणनाशक आले. तणनाशकाचा पंप पाठीवर घेतलेला माणूस पीक संपले म्हणून थांबत नाही. तो धुऱ्यावरही दोन फवारे मारतो. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. उन्हाळी, टाकळा, तरवड, रानतूर ही सारी मंडळी धुऱ्यावरच वस्तीला असत. माळ नांगरले गेले, गायराने वाटली गेली किंवा बळकावली गेली, आणि शेवटी धुरे जळाले. कधी न पेरलेले झाड नाहीसे व्हायला एवढे पुरेसे असते.

वडील गेल्यानंतर शेतीचा फेरफार करण्याची वेळ आली. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क आहे. तरीही आमच्या भागात बहिणी हक्कसोडपत्र करून देतात, आणि ते करून दिल्यावरच माहेर माहेर राहते, असे मानले जाते. या विषयावर मी येथे अधिक लिहीत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मी सही करण्याआधी दादाला एवढेच म्हटले, "दादा, मला वाटणी नको. पण उत्तरेचा एक धुरा माझा. त्यावर फवारा मारायचा नाही."

दादा हसला. "धुरा काय सातबाऱ्यावर असतो का?" तो म्हणाला. "आणि धुरा म्हणजे तणाचं माहेर. तुझ्या एका धुऱ्यापायी माझं अख्खं रान भरंल."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. सातबाऱ्यावर धुऱ्याचे वेगळे नाव नसते. जे कसता येत नाही ते 'पोटखराबा' या एका शब्दात जमा होते. हा शब्द मला नेहमीच विचार करायला लावतो. सरकारदप्तरी जी जमीन खराब, तिच्यावरच आजीचे सारे औषध, सारी भाजी, सारे सरपण उगवत होते. आणि तणाचे माहेर हे दादाचे शब्द त्याने टोमणा म्हणून वापरले असले, तरी मला ते अगदी योग्य वाटले. ज्या लेकीला सातबाऱ्यावर नाव नाही तिने पोटखराबा मागावा, यात विसंगती काहीच नव्हती. शेवटी त्याने मान्य केले. बहिणीने मागितलेला धुरा नाकारणे त्याच्याच्याने झाले नाही.

आता लागवडीविषयी. ज्यांच्याकडे असा एखादा धुरा, अंगणाचा कोपरा किंवा मुरमाड तुकडा असेल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

बी मार्गशीर्ष-पौषात धरावे. शेंगा हिरव्याच्या तपकिरी होऊ लागल्या की लक्ष ठेवावे, कारण पूर्ण वाळलेली शेंग उन्हाने तडकते, तिची दोन टरफले पिळवटतात आणि बी लांब उडते. तडकण्याआधी शेंगा कापडी पिशवीत तोडाव्यात आणि पिशवीचे तोंड बांधून ती उन्हात ठेवावी. शेंगा आतल्या आत फुटतात. एका शेंगेत साधारण पाच-सात दाणे मिळतात.

हे बी तसेच पेरले तर त्यातले थोडेच पहिल्या पावसावर उगवते. बियांच्या सालीत पेशींचा एक दाट थर असतो, त्यातून पाणी आत शिरत नाही. बी जिवंत असते, पण कोरडे असते. उन्हाने तापून, दगडमातीत घासून ती साल झिजली की मगच त्याला पाणी कळते. कुणाची साल पहिल्या वर्षी झिजते, कुणाची तिसऱ्या. लहरी पावसाच्या मुलखात ही सोय मोलाची आहे: मृगाने फसवले आणि उगवलेले सारे करपले, तरी जमिनीत राखीव साठा शिल्लक राहतो. आमचे शेतकरी दुबार पेरणीसाठी कर्ज काढतात. उन्हाळी आपल्या दुबार पेरणीचे बी आधीच बाजूला काढून ठेवते.

आपल्याला मात्र घाई असते. त्यासाठी दोन उपाय आहेत. तमिळनाडूत ही वनस्पती कोळिंजी या नावाने भातशेतीत हिरवळीच्या खतासाठी पेरतात, आणि हे दोन्ही उपाय तिथल्या शेतीत रुळलेले आहेत. पहिला, बी जाड्या वाळूत मिसळून पोत्याच्या तुकड्यावर तळहाताने चांगले घासावे. दाण्याची चकाकी गेली की पुरे. दुसरा, सुमारे ५५ अंश उष्णतेच्या पाण्यात, म्हणजे हात घातला तर चटकन मागे घ्यावा लागेल अशा पाण्यात, बी दोन-तीन मिनिटे ठेवावे. नंतर रात्रभर साध्या पाण्यात भिजू द्यावे. सकाळी जे दाणे फुगले ते पेरावेत. जे तसेच राहिले ते पुन्हा घासावेत. मी पहिल्या वर्षी मुद्दाम दोन तासे पेरली, एक घासलेल्या बियांचे आणि एक न घासलेल्या. पहिल्या तासात रांग धरली. दुसऱ्यात बोटांवर मोजण्याइतकी रोपे आली, पण पुढच्या वर्षी त्याच तासात आणखी उगवली.

पेरणी मृगाच्या पावसावर, जमीन एकदा नीट भिजल्यावर करावी. बी बोटाच्या अर्ध्या पेराहून खोल जाऊ देऊ नये. जमीन निचऱ्याची हवी. काळ्या रानात पाणी साचते तिथे मूळ कुजते, मुरमात ते सुखी असते. शेणखत घालण्याची गरज नाही. नत्र आयता मिळाला तर मुळांवर गाठी कमी धरतात. त्याऐवजी जिथे उन्हाळी आधीपासून आहे तिथली ओंजळभर माती आणून तासात मिसळावी; गाठी करणारे जिवाणू त्या मातीतून येतात. दोन महिन्यांनी एखादे रोप खणून पाहावे. गाठ चिरल्यावर आतून गुलाबी दिसली तर काम चालू आहे असे समजावे.

रोपे पिशवीत करून नंतर लावण्याचा मोह टाळलेला बरा. सोटमूळ फार लवकर खाली जाते आणि दुखावलेले मूळ सहसा सावरत नाही. वरची वाढ पहिल्या दोन महिन्यांत इतकी मंद असते की काहीच होत नाही असे वाटते. त्या काळात उंच गवत तेवढे हाताने काढावे. पावसाळा सरता सरता फुले येतात. एकदा शेंगा जागेवर तडकू दिल्या की पुढे पेरावे लागत नाही.

एक सावधगिरी. आयुर्वेदात हिचे स्थान असले तरी मनाने काढे करून पिऊ नयेत. या प्रजातीत रोटेनॉइड गटातली द्रव्ये असतात, आणि तिच्यातल्या काही जाती ठेचून डोहात टाकून मासे गुंगवण्याची रीत अनेक देशांत होती. औषध वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे. झाड मात्र कोणीही लावावे.

उन्हाळ्यात या झुडपाचे खरे रूप कळते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ तारखेला पहिली गाडी आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या महिन्यात मी आजोळी गेले होते. नव्या गावातल्या घागरींच्या रांगा ओलांडून जुन्या पांढरीकडे गेले, तर गवत जळून राख झाले होते आणि उन्हाळीच्या काही फांद्यांना अजून पाने होती. ती राखाडी होती, धुळीने माखलेली होती, पण जिवंत होती. तिने पाणी कोणाकडे मागितले नव्हते. माणसांनी झुडपासारखे व्हावे, असा याचा बोध मी काढणार नाही. माणसाला पाणी लागते आणि ते मिळाले पाहिजे. एवढेच म्हणेन की ज्या मुलखात आपण राहतो तिथे कमी पाण्यात कसे जगावे याची समज ज्यांना आहे, त्यांना आपण पोटखराब्यात ढकलले आहे.

माझा धुरा आता पाच-सहा वर्षांचा झाला आहे. तो सारा उन्हाळीचा नाही. तरवड आपणहून आला, रानतुरीचा एक वेल चढला. दादाचे रान काही तणाने भरले नाही. गेल्या दिवाळीला त्याची नात सुट्टीला आली होती. तिला मी पान ओढायला दिले. पहिले तिने घाईने चुरगाळले, दुसरे नीट ओढले. तुटलेला तुकडा तळहातावर ठेवून ती तो आजोबांना दाखवायला पळत गेली. दादाने तो पाहिला, धुऱ्याकडे एकदा नजर टाकली, आणि तिला म्हणाला, "उन्हाळी म्हणतात तिला. आमची आजी दाखवायची." त्यालाही ते नाव आठवत होते, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.